मीटरताईचा ठोकळा

कारखान्यात तिला सगळे मीटरताई म्हणतात, आणि आपल्याला ते आवडत नाही असं ती दाखवते. पण एकदा पॅकिंगला आलेल्या नव्या बाईने तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर हिने दोन वेळा मागे वळूनही पाहिलं नाही.

बावन्न वर्षांची बाई. चष्मा दोरीला बांधलेला आणि स्वेटरच्या उजव्या खिशात व्होल्ट मोजायचं मीटर, त्यामुळे तो खिसा कायमचा लोंबलेला. काहीही बिघडलं म्हणून कोणी सांगत आलं की तिचा एकच प्रश्न: "मोजलंस का?" घरातलं भिंतीवरचं घड्याळ थांबलं की नवरा ते मुकाट्याने तिच्यापुढे आणून ठेवतो. सेल मोजल्याशिवाय फेकायची त्या घरात सोय नाही. "तरी बरं, माझा ताप अजून हात लावून बघते," असं तो पाहुण्यांना सांगतो, आणि ती "हात पण चुकतोच," म्हणते.

कारखाना तसा लहानच. दोन लांबट खोल्या, मागे एक शेड आणि चौदा माणसं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून आजारी माणसाच्या नाकापर्यंत पोचवणारी, पलंगाशेजारी ठेवायची मशीनं तिथे बनतात. मशीनच्या पोटात दोन व्हॉल्व्ह असतात आणि ते आळीपाळीने उघडतात, दर सहा सेकंदांनी 'टक्' असा आवाज करून. उघडायचा हुकूम चिप देते. पण चिपचा जीव तो केवढा, तिच्या अंगात व्हॉल्व्ह ओढायची ताकद नसते. म्हणून चिपच्या बोर्डावर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी मध्ये एक ट्रान्झिस्टर बसवलेला. चिपने 'हो' म्हटलं की त्याने पुरतं उघडायचं, 'नाही' म्हटलं की पुरतं बंद व्हायचं.

चिपला या दोन शब्दांपलीकडे तिसरा येत नाही. ट्रान्झिस्टरला मात्र येतो, आणि तिथेच सगळी भानगड आहे. चिपकडून त्याच्या बेसला, म्हणजे हुकूम घेणाऱ्या पायाला, करंट कमी पडला, तर तो धड उघडत नाही आणि धड बंदही होत नाही. मध्येच लटकून राहतो, व्हॉल्व्हच्या वाटणीचे व्होल्ट स्वतः खातो आणि बसल्या जागी तापतो. असा लबाड पकडायचा हे मीटरताईचं काम. ट्रान्झिस्टर चालू असताना त्याच्या दोन पायांवर मीटर लावायचं. एक-दोन दशांश व्होल्ट दिसले तर पुरता उघडलाय, आणि दोन-तीन व्होल्ट दिसले तर अर्ध्यावर अडकलाय. ट्रान्झिस्टर पुरते उघडणाऱ्या बोर्डावर ती छोटा हिरवा शिक्का मारते. तो शिक्का रोज संध्याकाळी ड्रॉवरमध्ये कुलपात जातो आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.

ही तपासणी भराभर व्हावी म्हणून तिने पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने एक लाकडी ठोकळा केला होता. त्यात स्प्रिंगच्या पिना बसवलेल्या. बोर्डावर चिप चढवायच्या आधी तो ठोकळ्यावर दाबायचा. चिपच्या जागी ठोकळाच पाच व्होल्टचं 'हो' म्हणतो, आणि मीटर वाचलं की झालं. मिनिटाला एक बोर्ड. मालक कोणी पाहुणा आला की त्याला मशीनच्या आधी हा ठोकळा दाखवायचे.

त्या शनिवारी सकाळी ठोकळ्याची एक पिन मोडली.

गोष्ट एवढीशी होती. नवी पिन सोमवारी मिळणार होती, आणि हातावर हात ठेवून बसणं तिच्या स्वभावात नाही. शेल्फवर चिप चढवलेले दहा बोर्ड शिल्लक होते, तिनेच शिक्का मारलेले. त्यातला एक घेऊन तिने तो व्हॉल्व्हला जोडला, वीज दिली, आणि चिपने 'हो' म्हणायची वाट बघत सवयीने ट्रान्झिस्टरवर मीटर लावलं. खरं तर नुसता वेळ घालवायला.

मीटरवर आलं दोन पूर्णांक आठ.

मीटरचा सेल उतरला असेल, असं तिला आधी वाटलं. तिने सेल बदलला. दोन पूर्णांक आठच. तिने ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं. दुसरा बोर्ड घेतला: दोन पूर्णांक एक. तिसरा ठीक. चौथा तीनच्या वर. सहा बोर्ड मोजून झाले तेव्हा सहापैकी चार अर्धवट होते आणि सहाही बोर्डांवर तिचा हिरवा शिक्का होता.

तिने एक पाठकोरा कागद ओढला. सहा महिन्यांपूर्वी जुनी चिप बाजारातून गेली आणि नवी आली. जुनी पाच व्होल्टचं 'हो' म्हणायची, नवी तीन पूर्णांक तीनचं. तसा कागद आला होता, आणि 'वाचलं' म्हणून खाली हिचीच सही होती. बेसच्या वाटेवरचा, करंट अडवून धरणारा रेझिस्टर मात्र जुनाच राहिला. तिने आकडे मांडले: चिपकडून बेसला इतका करंट, त्याला ट्रान्झिस्टरचा गुणक, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट तो पुढे सोडतो तो आकडा, म्हणून तो इतका करंट पेलणार. व्हॉल्व्हला लागतो त्याहून जास्त. कागद सोडून द्यायच्या बेतात असताना तिने ट्रान्झिस्टरांचं माहितीपुस्तक उघडून गुणकाचा शेवटचा रकाना पाहिला, सगळ्यात कमी किती असू शकतो तो. पुन्हा गुणाकार केला. आता आकडा अपुरा पडत होता. म्हणजे चांगल्या गुणकाचा ट्रान्झिस्टर निघाला तर चालणार आणि कमी गुणकाचा निघाला तर लटकणार.

आणि ठोकळा? ठोकळा अजूनही पाच व्होल्टचंच 'हो' म्हणत होता. बोर्डाची खरी चिप शेजारच्या डब्यात पडलेली आणि ही सहा महिने, बाजारातून गेलेल्या चिपच्या आवाजात प्रत्येक बोर्डाला विचारत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. मीटर खरं बोलत होतं, प्रश्नच खोटा होता.

इंजिनिअर बाई शेजारच्या खोलीत होत्या. तिशीच्या, हुशार, एरवी तोंडाचा पट्टा चालू. त्यांनी कागद पाहिला आणि त्या खुर्चीत बसल्या.

"मी सरासरी गुणक धरला," त्या म्हणाल्या. "आणि मीटरताई, म्हटलं कुठे कमी पडलं तर तुमच्याकडे सापडेलच."

"तेच तर," मीटरताई म्हणाली.

"पण तयार मशीन आपण तासभर चालवून बघतो ना?"

"कुठे चालवतो? मागच्या शेडमध्ये. दहा मशीनं एका वेळी, तिथे भट्टी पेटलेली असते. गरम झालं की गुणक वाढतो, तुम्हीच शिकवलंत मला. थंडीत तो उतरतो, आणि व्हॉल्व्हची कॉइल जास्त करंट मागते." हे बोलताना तिलाच ऐकू आलं आपण काय बोलतोय ते. दहा दिवसांपासून थंडी पडली होती. या बोर्डांची बेचाळीस मशीनं बेचाळीस घरांत गेली होती, आणि त्यातलं एक तिच्या थोरल्या जावेच्या पलंगाशेजारी होतं.

या जाऊबाई एकट्या राहतात. फुप्फुसं दोन वर्षांपासून कमजोर. जिभेने मात्र ठणठणीत. तीस वर्षांत त्यांनी धाकटीच्या कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं, ना स्वयंपाकाला ना नोकरीला. पाच आठवड्यांपूर्वी मशीन घरी आलं तेव्हा मीटरताईने पाठीचं झाकण उघडून त्यांना आतला हिरवा ठिपका दाखवला होता. "हा माझा शिक्का, जाऊबाई. डोळे मिटून वापरा." जाऊबाईंनी बराच वेळ ठिपक्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात राखीव ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर दुकानाला परत पाठवून दिला. घरात अडगळ नको म्हणे. मीटरताईला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं. आठवडाभर ती ही गोष्ट कारखान्यात ज्याला त्याला सांगत होती.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

मग ती मालकांकडे गेली. मालक वाईट माणूस नाही. घाबरला की वेळ मागून घेतो, एवढंच. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"ताई, सहा बोर्ड मोजलेत तुम्ही. बेचाळीसच्या बेचाळीस वाईट असतील कशावरून?"

"नसतीलही."

"आणि एक तरी तक्रार आलीय का? सहा महिने झाले. एकही नाही. लोकांना उगीच फोन करून घाबरवायचं, तेही श्वासाच्या आजाऱ्यांना... सोमवारी सगळे बसू. काय?"

इथे तिने बोलायला हवं होतं. तिला ते तेव्हाही कळत होतं. पण बोलायचं म्हणजे 'सहा महिने मी मारलेला प्रत्येक शिक्का खोटा आहे' असं म्हणायचं, आणि ते वाक्य तिच्याने म्हणवेना. शिवाय चोराच्या मनात चांदणं. मालक सहज बघत होते तरी तिला वाटत होतं ते तिच्या चष्म्याच्या आरपार बघतायत.

"बरं," ती म्हणाली, आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

पिशवीत सोल्डरिंग गन, कथिलाची तार, स्क्रूड्रायव्हर आणि मूठभर रेझिस्टर टाकून ती बसमध्ये बसली. पंचवीस मिनिटांची वाट. एरवी ती खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचते. आज एकही अक्षर डोक्यात शिरेना. एकही तक्रार नाही, एकही तक्रार नाही, असं ती मनाशी घोकत होती. तक्रार नाही म्हणजे ठीकच असणार. पण फोन का उचलत नाहीत? मग स्नानघरात असतील. पंधरा मिनिटं? सिग्नलला बस थांबली की तिचा उजवा पाय आपोआप पुढे दाबला जाई, जणू गाडी तीच चालवत होती.

जाऊबाईंचं घर तळमजल्यावर, उन्हाच्या उलट्या बाजूला. त्यांना मोकळी हवा लागते म्हणून समोरची खिडकी बारा महिने उघडी. आज ती बंद होती. तिने बेल दाबली आणि बोट काढायचंच विसरली.

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग कडी.

"बोट चिकटलं की काय बेलला?" दारात जाऊबाई उभ्या होत्या. अंगावर दोन स्वेटर, नाकात नळी, चेहरा राखेसारखा. बोलताना त्या मध्येच थांबून श्वास घेत होत्या. "शनिवारी... कशी काय उगवलीस धाकटे?"

"फोन का उचलला नाहीत?"

"टेबलावर होता. मी पलंगावर. तेवढं अंतर... आज जास्त वाटलं."

मीटरताई पिशवी न ठेवताच पलंगाशी गेली. मशीन घरघरत होतं. तिने कान दिला. टक्. सहा सेकंद. टक्. सहा सेकंद. मग नुसतं घुं, पुढचा टक् आलाच नाही. मग पुन्हा टक्. या मॉडेलला भोंगा होता तो फक्त वीज गेल्याचा. हवेत ऑक्सिजन कमी पडला तर सांगणारं त्यात काहीच नव्हतं.

"जाऊबाई, हे कधीपासून असं चुकतंय?"

"आठेक दिवस. सकाळी जास्त. दुपारी... ठीक होतं." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "सकाळी उठलं की धाप. खिडकी लावली, म्हटलं गारठ्याने होतंय."

"आठ दिवस? आणि मला सांगितलं नाहीत? डॉक्टरांना तरी?"

जाऊबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही हीच वेड्यासारखं बोलतेय. "काय सांगू? मशीन तर तुझ्या शिक्क्याचं. ते चुकणार नाही. म्हणजे माझंच काहीतरी... संपत आलं असणार. म्हटलं, उगीच कोणाला कशाला त्रास."

मीटरताईने पिशवीतून सोल्डरिंग गन काढली. तीस वर्षांत या बाईने तिच्यावर पहिल्यांदा विश्वास टाकला होता, आणि तो इतका टाकला होता की स्वतःच्या श्वासावरचा काढून घेतला होता. तिला रडू आलं. ते गिळून तिने गन तापायला भिंतीवरच्या प्लगला लावली.

"शिक्का खोटा आहे, जाऊबाई," ती म्हणाली. "मी चुकीचं मोजलं. तुमचं काही संपलेलं नाही. आता ऐका, मला मशीन दहा मिनिटं बंद करावं लागेल. आधी रुग्णवाहिका बोलावू का?"

"दहा मिनिटं मी तुझ्याशी भांडूनही काढीन. कर."

पलंगाशेजारचं, रक्तातला ऑक्सिजन मोजणारं छोटं यंत्र तिने जाऊबाईंच्या बोटाला लावलं. नव्वद. गन पुरती तापेपर्यंत मशीन चालूच ठेवलं, पाठीचे स्क्रू काढून ठेवले, मग बटण दाबलं. खोलीत एकदम शांत झालं. जुना रेझिस्टर काढत बसायला वेळ नव्हता. त्याच्याच पाठीवर तसाच दुसरा चढवायचा, म्हणजे वाट दुप्पट रुंद होते आणि चिपचा करंट जवळजवळ दुप्पट बेसला पोचतो. दोन व्हॉल्व्ह, दोन रेझिस्टर, कथिलाचे चार डाग. कारखान्यात हे ती बोलता बोलता करते.

पहिला डाग बसला. दुसऱ्याला घाई झाली आणि कथिल शेजारी ओघळलं.

"अठ्ठ्याऐंशी," जाऊबाईंनी वाचलं.

तिने ओघळ पुसून काढला, पुन्हा डाग दिला. तिसरा.

"शहाऐंशी. हळू कर. घाईत तू... नेहमी सांडतेस."

चौथा बसेना. तिने श्वास रोखून धरला आणि मग लक्षात आलं की या खोलीत आपण श्वास रोखून धरतोय. सोडला. चौथा बसला.

"चौऱ्याऐंशी," जाऊबाई म्हणाल्या, आता अगदी बारीक आवाजात.

तिने बटण दाबलं. घरघर. चिपने 'हो' म्हटलं. टक्. तिने प्रोब टेकवले, आणि मीटरवर एक दशांश आला. दुसऱ्या व्हॉल्व्हवरही एक दशांश. ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं तर गार. तरीही तिने वीस 'टक्' मोजले, आणि त्यानंतरच जाऊबाईंच्या बोटाकडे बघायची तिची हिंमत झाली. शहाऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. अर्ध्या तासाने ब्याण्णव, आणि चेहऱ्यावर थोडा रंग.

"किती दिवसांनी पुरता श्वास आला," जाऊबाई म्हणाल्या.

मीटरताईने तिथूनच मालकांना फोन लावला. "साहेब, सोमवार नाही. आज. तक्रार का आली नाही ते मला कळलं. चाचणी सहा महिने चुकीची झालीय, ती मी केलीय, आणि हे मी लिहून द्यायला तयार आहे. मला घरांची यादी पाठवा, आणि इंजिनिअर बाईंना रेझिस्टर घेऊन बाहेर काढा." मालक म्हणाले, "पाठवतो. मीही निघतो."

यादी आली. एक्केचाळीस नंबर. तिने पहिला लावला. "मशीन व्यवस्थित चाललंय ना?" हो हो, छान चाललंय. दुसरा. छान. तिसरी बाई तर आभार मानायला लागली. मीटरताईने तिन्ही नावांपुढे बरोबरची खूण केली.

"दे इकडे तो फोन," जाऊबाई म्हणाल्या. "तुला विचारताच येत नाही. मशीन कसं आहे म्हणून विचारलंस तर काय सांगतील? मलाही विचारलं असतंस तर छानच म्हटलं असतं मी."

त्यांनी चौथा नंबर लावला, नाकातली नळी नीट केली. "नमस्कार. तुमच्यासारखंच मशीन माझ्याकडेही आहे. सकाळी उठल्यावर धाप लागते का हो?"

पलीकडचा म्हातारा आवाज मीटरताईला बसल्या जागी ऐकू येत होता. "लागते," तो म्हणाला. "आठ-दहा दिवस झाले. पण आता वयच झालं माझं."

"वय माझंही झालंय," जाऊबाई म्हणाल्या. "तुमचं काही चुकलेलं नाही. आधी मशीन बघून घ्या. घरात सिलिंडर असेल तर आत्ता लावा, नसेल तर दवाखान्यात जाऊन बसा, मशीन नीट करायला माणूस येतोय." मग फोनवर हात ठेवून त्या धाकटीकडे वळल्या. "पत्ता लिही. आणि त्या पहिल्या तिघांच्या खुणा खोड, त्यांना परत लावायचाय."

मीटरताईने खुणा खोडल्या आणि पत्ता लिहून घेतला.